क्लबाचं मशीन

त्या मशीनमधून कल्लाप्पाला काय काय मिळणार होतं ते आधी मांडलेलं बरं. कारण भाऊबीजेच्या त्या दिवशी घरातला जो तो दुसऱ्याच्या फायद्याकडं बोट दाखवत होता आणि स्वतःचा फायदा पदराखाली झाकून बसला होता.

बेळगावजवळ मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात कल्लाप्पा भट्टीवर होता, त्याच्या ऑफिसपुढं नवी हिरवळ केली होती. मॅनेजर बेळगावच्या कॅंपातल्या क्लबात वावरलेला माणूस. विळ्यानं कापलेलं गवत त्याला उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं. ज्याच्याकडं पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन असेल त्याला बाग कायमची देतो, असं त्यानं सांगून टाकलं. म्हणजे भट्टीवरच्या पाळीतून सुटका. गेटवर स्वतःच्या नावाचा पास. पंपाशेजारची खोली राहायला, आणि खोली म्हणजे थोरल्या भावाच्या, धर्मराजअण्णाच्या घरातून बाहेर, जिथं पंचविशी ओलांडलेल्या कल्लाप्पानं दुसऱ्यांदा भात वाढून घेतला की अण्णा वर्तमानपत्र थोडं खाली करून बघायचा. शिवाय खोली असलेल्या माणसाला मुली सांगून येतात. इतकं सगळं एका भंगारातल्या यंत्राच्या जिवावर.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. मॅनेजरनं विचारलं होतं, क्लबातल्या देवाप्पा माळ्याचा मुलगा तूच ना? कल्लाप्पा व्हय म्हणाला. मग तुझा बाप गेटच्या आत दिसता कामा नये, तेल चोरणारा माणूस मला नको, असं मॅनेजर म्हणाला. त्यावरही कल्लाप्पा व्हय म्हणाला. हे दुसरं व्हय त्यानं घरी आणलं नाही.

आणि मशीन कुठलं, तर तेच. चार चाकं, वर लोट्याएवढं इंजिन, दोरी ओढून चालू करायचं, आणि ढकलायला लांब दांडा. देवाप्पानं ते क्लबाच्या हिरवळीवर वर्षानुवर्षं ढकललं होतं. असल्या इंजिनात तेलाला वेगळी जागा नसते; पेट्रोलातच तेल मिसळून द्यायचं, तेवढ्या ओलाव्यावर आतला दट्ट्या वरखाली घसरतो. तेल नसेल तर तो आतल्या आत घासून अडकतो. क्लबाच्या शेडमध्ये चोऱ्या होतात म्हणून देवाप्पा तेलाचा डबा सहीनं उचलून घरी आणायचा आणि रोजचं रोज मोजून घेऊन जायचा. शहाणपणा करायला गेला आणि त्यातच सापडला. चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत हिरवळीच्या ऐन मध्यावर मशीन बसलं. मेस्त्री आला, त्यानं प्लगच्या भोकातून आत बघितलं, आणि म्हणाला, ह्यात तेलाचा पत्ता नाही. तेल तर महिन्याच्या महिन्याला देवाप्पाच्या सहीनं गेलेलं. सेक्रेटरीनं त्याला व्हरांड्यात उभं करून चोर म्हटलं आणि घालवून दिलं. तेव्हापासून देवाप्पा बेळगावात गेला तरी कॅंपाचा रस्ता चुकवून जायचा.

मशीन लिलावात रवळू भंगारवाल्याकडं गेलं आणि त्याच्या अंगणात पत्र्याखाली पडून राहिलं. कल्लाप्पानं ते ओळखलं दांड्यावरून. हाताला घट्टे पडू नयेत म्हणून देवाप्पानं दांड्याला बायकोच्या, गंगव्वाच्या हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती, ती अजून तशीच होती. रवळूची मोडकी हातगाडी जोडून देऊन कल्लाप्पानं मशीन उचललं.

त्र्याऐंशीच्या भाऊबीजेला सकाळी ते अंगणात गोणपाटावर उघडं पडलं होतं, आणि धर्मराज त्याच्याभोवती वर्गात फिरतात तसा फिरत होता.

धर्मराज हायस्कूलमध्ये मास्तर. घर त्याच्या पगारावर उभं राहिलेलं, त्यामुळं रागही त्याच्याच मालकीचा. त्यानं मशीनला लाथ घातली नाही. शेजारच्या बादलीला घातली.

"आप्पांची हयात साहेबांच्या पायाखालचं गवत कापण्यात गेली. मी शिकलो, मास्तर झालो, ते काय तू परत गवतात जावंस म्हणून?"

"भट्टीत भाजतोय ते बरं हाय व्हय अण्णा?"

"भट्टीत तू कामगार आहेस. तिथं माळी होशील. माळ्याचा पोरगा माळी."

"माळ्याचा पोरगा मास्तर झाला, तवा माळ्याचंच मीठ खाऊन झालता की," कल्लाप्पा पाना फिरवत म्हणाला. वर बघायची त्याला गरज वाटली नाही, आणि धर्मराजला तेच जास्त लागलं.

खरं तर धर्मराजचं दुखणं गवत नव्हतं. जयंतीला, कामगारांच्या सभेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो एक गोष्ट सांगायचा: माझ्या निरक्षर बापावर साहेब लोकांनी चोरीचा खोटा आळ घेतला, आणि मी बिनफोडणीच्या आमटीवर शिकलो. गोष्टीला टाळ्या पडायच्या. दोन वेळा त्याला त्या गोष्टीवर नारळ मिळाला होता. पण मेस्त्री काय म्हणाला होता तेही त्याला माहीत होतं, आणि बापाला त्यानं कधी सरळ विचारलं नव्हतं. न विचारल्यामुळंच गोष्ट सांगता येत होती. आता हे इंजिन उघडं पडलेलं. आतून काय निघेल सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात गंगव्वा परसातून आली आणि म्हणाली, "धर्मा म्हणतोय ते खरं हाय. भंगार हाय ते, भंगारात घाल. सणासुदीला असलं घरात आणतंय कोण?"

गंगव्वानं थोरल्याची बाजू घेतल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. धर्मराजनं आंबेमोहोर म्हटलं की ती उकडा तांदूळ शिजवायची. धर्मराज खूश झाला, आणि खूश झालेला माणूस पुढं काही बघत नाही. बघितलं ते त्याच्या बायकोनं, वसुधेनं. निपाणीच्या कारकुनाची ही मुलगी, या घरात येऊन तिला सात-आठ वर्षं झाली होती आणि अजून तिला पाहुणी म्हणूनच बोलत. त्यामुळं बघायला तिला भरपूर वेळ मिळायचा. सासू, तिच्या आत्याबाई, मुलाच्या बाजूनं बोलल्या, पण मुलाकडं न बघता. त्या बघत होत्या दांड्यावरच्या हिरव्या पट्टीकडं.

कट्ट्यावर देवाप्पा बसला होता. मशीन घरात आल्यापासून रोज संध्याकाळी तो त्याच्याजवळ येऊन बसायचा आणि काही बोलायचा नाही. कल्लाप्पानं दट्ट्या बाहेर काढला त्या दिवशी मात्र त्यानं तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला होता. रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या, काकवी वाळून बसावी तशा. कल्लाप्पाला त्या टोकरून काढाव्या लागल्या, मोपेडच्या जुन्या रिंगा घासून बसवाव्या लागल्या.

"कोरडं मेलेलं इंजन असलं चिकाट नसतंय," देवाप्पा त्या दिवशी म्हणाला होता. "आत कायतरी हुतं."

एवढंच त्याला पाहिजे होतं. मशीन एकदा फिरावं, ते कशानं मेलं ते कळावं, आणि मग त्या मॅनेजरपुढं, क्लबातल्याच त्या माणसापुढं, उभं राहून सांगावं की तेल मी घातलं होतं. कल्लाप्पा मान हलवायचा आणि विषय बदलायचा.

भरमूमामा यायचा तेव्हा आधी आवाज यायचा, मग धूर, मग मामा. निपाणीला तंबाखूच्या वखारीत तो मुकादम होता. त्याची फटफटीही त्याच जातीची, पेट्रोलात तेल मिसळून पिणारी. दर भाऊबीजेला तो तिच्यावर बसून बहिणीकडं यायचा, हॅंडलला पातळाची पिशवी लोंबकळत असायची. गंगव्वाचं माहेर म्हणजे आता तेवढंच उरलं होतं, दोन चाकांवर येणारं.

"दाजी, अजून जित्ते हाईसा व्हय?" त्यानं गाडी लावता लावता विचारलं.

"तुझ्या आक्काच्या हातचं खातोय. मरतोय कशानं."

परसात चुलवणावर मामाच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. ओवाळणीआधी भावाला तेल लावून न्हाऊ घालायचं, हा गंगव्वाचा नेम. पण कल्लाप्पानं मामाला वाटेतच धरलं. दोरी ओढली की मशीन दोनदा फटफट करत होतं आणि मरत होतं. मामानं खाली बसून धूर सोडायच्या नळीला नाक लावलं, मग तीत खराट्याची काडी घातली. काडी बोटभरही आत गेली नाही.

"ह्येचं नाक चोंदलंय," तो म्हणाला. "जळका थर बसलाय आत. काढ नळी, घाल इस्तवात. माझ्या गाडीची मी दर दिवाळीला भाजतोय."

गंगव्वा आडवी आली. आंघोळीच्या पाण्याखाली असलं काही घालायचं नाही, सणाचा दिवस आहे, भाजायचंच तर दुसऱ्या दिवशी ओढ्याला नेऊन भाजा, असं तिचं सुरू झालं. धर्मराज म्हणाला, आई सांगते ते ऐका. कल्लाप्पानं दोघांकडं बघितलं, नळीचे दोन नट काढले, आणि ती लाकडांच्या मध्ये खुपसली. एरवी आईचा शब्द त्यानं मोडला नसता. पण अण्णानं तो शब्द उचलून धरला होता, म्हणजे मोडणं भाग होतं.

गंगव्वा आत निघून गेली. आरतीचं ताट घासायला घेतलं, ते आधीच घासलेलं होतं.

थोड्या वेळानं वसुधा पडवीतून धावत स्वयंपाकघरात शिरली. कढई शेगडीवर राहिली असं वाटून. कढई खुंटीला होती. करंज्या दोन दिवसांपूर्वीच तळून डब्यात गेल्या होत्या. शेगडी थंड होती. तरी वास येत होता, करपलेल्या तळणाचा, भज्यांचा घाणा विसरून कोणी उठून गेल्यासारखा. ती वासाच्या मागानं परत बाहेर आली, आणि तो तिला चुलवणाशी घेऊन गेला. नळीच्या तोंडातून जाड पांढरट धूर निघत होता.

तिच्याआधी तिथं देवाप्पा येऊन उभा होता. कट्ट्यावरून तो कधी उतरला कुणी बघितलं नव्हतं.

"ह्योच वास," तो म्हणाला.

कुणी काही विचारलं नाही, तरी तो सांगत गेला. शेवटच्या थंडीत क्लबाच्या हिरवळीवर मशीन चालवताना त्याला हाच वास यायचा. साहेब लोक व्हरांड्यात बसलेले असायचे, एकानं हाक मारून विचारलंही होतं, माळी, भजी कोण तळतंय? देवाप्पानं सांगितलं होतं, मुदपाकखान्यात तळत असतील साहेब. साहेब हसले होते. त्याच आठवड्यात मशीन बसलं.

भरमूमामानं चिमट्यानं नळी ओढून काढली, हुंगली, आणि तोंड वाकडं केलं. "दाजी, ह्यो इंजनच्या तेलाचा वास न्हवं. ह्ये खायाचं तेल हाय. शेंगतेल."

यानंतर जो पहिला बोलला त्यानं बोलायला नको होतं. पण वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवलेलं असं तोंडात येतं की दात मध्ये येत नाहीत. धर्मराज म्हणाला, "म्हणजे आप्पा, तुम्ही खरंच ते तेल विकून त्यात हे—"

"परत म्हण."

"माझं म्हणणं असं की—"

"न्हाय, परत म्हण. ह्या समद्यांच्या म्होरं म्हण." देवाप्पाचा आवाज चढला नव्हता. तो वाकून बोलणारा माणूस, पहिल्यांदाच मुलासमोर सरळ उभा होता आणि मुलापेक्षा उंच होता. "सभेत काय सांगतोस आणि मनात काय धरून बसलायस? टाळ्या माझ्या नावावर खाल्लास, मास्तर. आन् घरात मला चोर समजून भाकरी वाढलास."

धर्मराजचा चेहरा काळवंडला. कल्लाप्पाला त्या क्षणी आनंद झाला, हेही लिहून ठेवलं पाहिजे. तो फार टिकला नाही.

"त्येनी न्हाय," गंगव्वा दारात म्हणाली. हातात आरतीचं ताट, निरांजन न लावलेलं. "म्या."

ती तिथंच उंबऱ्यावर उभी राहून बोलली, आणि तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, उलट चीड होती, हे आजवर कुणाला कसं कळलं नाही याची. पेट्रोलचीच बोंब होती ते वर्ष. भरमू आदल्या भाऊबीजेला म्हणाला होता, निपाणीत तेल मिळत नाही, गाडी फडक्यात बांधून ठेवतो, पुढच्या खेपेला काही जमायचं नाही. आईबाप गेल्यावर तिच्या माहेरचं या घरात दुसरं कोण येत होतं? डबा घरातच होता. तिनं त्यातून बाटली भरली, मग आणखी एक, आणि निपाणीच्या बसला कोण जाईल त्याच्या हाती धाडत राहिली.

"डबा कमी न्हाय केला म्या. जितकं काढलं तितकं घातलं. खायाचं तेल, ह्या पोरांच्या ताटातलं. म्हैना म्हैना आमटीला फोडणी न्हाय दिली. माणूस ज्येच्यावर जगतोय त्येच्यावर मशीन मरतंय हे मला कोण सांगणार हुतं? मी चोरी न्हाय केली. बदली केली."

धर्मराजला ती आमटी आठवली. पांढुरकी, वर तेलाचा एक थेंब नाही. दारिद्र्य म्हणून त्यानं ती कितीतरी व्यासपीठांवर वाढली होती. आता गोष्टीचा पहिला अर्धा भाग अखेर खरा ठरला होता, दुसरा अर्धा खोटा पडला होता, आणि दोन्हीही पुन्हा सांगता येणार नव्हते.

"आक्का," भरमूमामा म्हणाला, "दाजींनी दिलंय म्हणून निरोप धाडत हुतीस."

"मग काय सांगू? तू घेतला असतास?"

"न्हाय घेतलं असतं." मामातला प्रामाणिकपणा नको तेव्हा वर आला. "आन् आलोबी नसतो."

ते ऐकून गंगव्वानं देवाप्पाकडं बघितलं, जणू आता तरी हिशेब मिटला. देवाप्पा तिच्याकडं बघत नव्हता. त्याच्या डोळ्यापुढं क्लबाचा व्हरांडा होता. कल्लाप्पा तेव्हा मिसरूड फुटलेला. आईबरोबर बापाची भाकरी घेऊन आला होता. सेक्रेटरीनं विचारलं, तेल कुणाला विकलंस? देवाप्पानं शेजारी उभ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, साहेब, थेंब न्हाय विकला. सेक्रेटरी म्हणाला, तुम्ही लोक पोरांचीही खोटी शपथ घेता.

"तेलाचं सोड," देवाप्पा म्हणाला. "भाऊ यावा वाटलं, तेल दिलीस. मला सांगितली असतीस तर मीच दिलं असतं, माझा स्वभाव तुला म्हाईत न्हाय? पर म्या कल्लूच्या डोस्क्यावर हात ठिवला, तवा तू पायरीवर हुतीस. भाकरीचं गठुळं घिऊन. तुला वाचा हुती का न्हवती?"

गंगव्वानं ताटातलं निरांजन सरळ केलं.

"माझ्यावर थुकला त्यो. तुझ्या म्होरं. आन् सांजचं तू मला म्हणालीस, जाऊ द्या, साहेब लोक असलेच असत्यात. मी तुला किती चांगली म्हटलो त्या दिवशी."

मग देवाप्पा कल्लाप्पाकडं वळला. नळी बसव, म्हणाला. मशीन सुरू करायचं, आणि उद्या सकाळी मॅनेजरकडं जायचं. आपण दोघं. ही नळीही न्यायची, हुंगू दे त्याला.

कल्लाप्पानं नळी बसवायला घेतली. दोन्ही नट आवळून झाल्यावर तो बोलला.

"आप्पा, तुमी नगा येऊ."

"का?"

"मी सांगतो त्येनला. मी नीट सांगतो."

"का, म्हणतोय मी."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मॅनेजरची अट कल्लाप्पानं सांगितली, आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय आप्पा हलला नसता. धर्मराजला जीभ सापडली. मला बोलत होतास, म्हणाला. मी मनात धरलं, तू तर गेटवर जाऊन कबूल करून आलास, एका खोलीपायी बाप विकलास. कल्लाप्पानं पाना जमिनीवर आपटला आणि विचारलं, तू टाळ्यांपायी कुणाला विकत होतास? भरमूमामा मध्ये पडायला गेला, तर दोघंही एकदम त्याच्यावर उलटले, की तेल तुमच्या गाडीत जळलंय, तुम्ही बोलू नका. एका तासात या घरातल्या बाजू तीनदा बदलल्या होत्या, आणि दर वेळी देवाप्पा ज्या बाजूला होता तिथं तो एकटाच होता.

"आत्याबाईंनी जाऊन सांगितलं तर?" वसुधा म्हणाली.

धर्मराजनं बायकोकडं असं बघितलं की दुसरी असती तर आत गेली असती. "आईचं नाव कारखान्याच्या गेटवर न्यायचं नाही. माणसं हसतील."

"आणि मामंजींचं नेलं ते?" वसुधेचा आवाज थंड होता, म्हणून जास्त भाजला. "त्यांचं नाव इतकी वर्षं क्लबात पडून होतं, तेव्हा तुम्ही त्याच्यावर भाषणं केलीत. आत्याबाईंचं एक दिवस गेलं तर तुम्हाला भाषण करता येणार नाही, एवढंच."

गंगव्वानं ताट खाली ठेवलं. डोक्यावर पदर घेतला. "मी येते," ती म्हणाली. "आत्ता चला म्हटलासा तर आत्ता येते. सांगते त्येला, चोर ह्यो न्हवं."

भांडण मिटवण्याची ही एक जागा होती. वसुधेला वाटलं मिटलं. कल्लाप्पाला वाटलं, खोलीही मिळाली आणि बापही. देवाप्पा बायकोकडं बराच वेळ बघत राहिला. पायरीवरच्या त्या दिवशी जे तिनं करायला पाहिजे होतं, ते ती आता करायला तयार होती. आणि ते आता तयार होणंच त्याला सोसेना.

"नगं," तो म्हणाला. "तवा न्हाय आलीस. आता माझ्या मशीनला मुहूर्त लागला म्हणून येतीस? चोर म्हणून जगलो ते माझं मी जगलो. बायकू म्होरं करून सुटला, हे मला कुणाकडनं ऐकायचं न्हाय. तू दारात ऱ्हा. तुला दारात ऱ्हायाची सवय हाय."

मग त्यानं कल्लाप्पाला बाजूला सारलं, हिरव्या पट्टीवर एक हात टेकला आणि दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात लागलं. इतक्या वर्षांनी, आणि असं सुरेख की दुसऱ्या कुठल्याही दिवशी घरानं पेढे वाटले असते. निळसर विरळ धूर, वास इंजिनच्या तेलाचा, तळणाचा नव्हे. अंगणभर तो आवाज भरला आणि कुणाला कुणाशी बोलता येईना; सगळे आपापल्या जागी तोंड मिटून उभे, जणू रागच चालू करून ठेवला होता आणि बंद कसा करायचा ते फक्त देवाप्पाला माहीत होतं. त्यानं टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालू ठेवलं.

ते आपोआप थांबल्यावर तो पडवीत गेला. कल्लाप्पानं मशीनसाठी आणलेला तेलाचा नवा डबा तिथं होता, फक्त मिसळण्यापुरता उघडलेला. तो उचलून त्यानं भरमूमामाच्या फटफटीच्या हॅंडलला सुतळीनं बांधला, जिथं येताना पातळाची पिशवी होती तिथं.

"दाजी, ह्ये काय करालाय?"

"न्हे. ह्या खेपेला खरंच माझ्या हातनं हाय. बाटल्या पोचल्या, माझा निरोप पोचला, आता डबाबी पोचू दे. ह्या घरातनं शेवटचा."

भरमूमामानं बहिणीकडं बघितलं. आंघोळीचं पाणी उकळून उकळून अर्ध्यावर आलं होतं. तो न न्हाता, न ओवाळून घेता गेला. आधी मामा गेला, मग धूर, आणि आवाज तेवढा पिरनवाडीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

तेव्हाचा जमाखर्च पुढच्या दिवाळीपर्यंत लागला. कल्लाप्पाला बाग मिळाली, पास मिळाला, पंपाशेजारची खोली मिळाली, आणि मुलगीही सांगून आली, उचगावची. देवाप्पा गेटच्या आत कधी गेला नाही. पण संध्याकाळी तो कारखान्याच्या कुंपणाबाहेर सावलीत जाऊन उभा राहायचा, मशीनचा आवाज ऐकायचा, आणि नाक वर करून वास घ्यायचा. तेल कमी पडलं की कुंपणावरूनच कल्लाप्पाला शिव्या घालायचा. मॅनेजरनं त्याला तिथं उभं राहू दिलं, कुंपणाबाहेरची जागा सरकारी होती. धर्मराजनं सभेत ती गोष्ट सांगणं सोडलं. त्याच्याऐवजी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलायला लागला आणि लोक चुळबुळ करायला लागले. वसुधेला सासरा त्यानंतर नावानं हाक मारू लागला, एवढी एक जमा तिच्या बाजूला पडली. देवाप्पानं बायकोशी बोलणं टाकलं नाही; फक्त आपल्या ताटात फोडणी नको म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून तिला त्याची आमटी वेगळ्या भांड्यात काढून ठेवावी लागायची, पांढुरकी, आणि ती त्याच्यासमोर रोज स्वतः वाढावी लागायची.

पुढच्या भाऊबीजेला तिनं चुलवण पेटवलं. पाणी तापवलं. दुपार टळली तसं विझवलं. निपाणीच्या बसनं कुणी आलं नाही, कुणाच्या हाती पातळही आलं नाही. दिवस कलल्यावर ती ताट घेऊन अंगणात आली, जिथं मशीन उघडं पडलं होतं तिथंच उभी राहिली, आणि ज्या बाईला भाऊ नाही तिनं करायचं ते तिनं केलं. पश्चिमेला बिजेची कोर लागली होती, तिला कुंकू दाखवलं, तिला ओवाळलं. कट्ट्यावर देवाप्पा बसला होता, त्यानं मान वळवली नाही. ओवाळून झाल्यावर भाऊ ताटात काही घालतो, म्हणून सवयीनं ती क्षणभर ताट पुढं धरून थांबली. मग निरांजन सांभाळत आत गेली. त्यातलं शेंगतेल काठोकाठ होतं.